काँटेसाची उचकी

आमच्या गॅरेजात डिझेलखेरीज दुसरे इंजिन येत नसे, हे आधी सांगितले पाहिजे. पुढे जे घडले त्याचे मूळ त्यात आहे. जाम गावच्या चौरस्त्यावर नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक थांबतात. त्यांच्या भरवशावर माझे यजमान पुंडलिकराव यांनी १९७४ साली तेथे टिनाचे छप्पर घातले, दुरुस्तीचे काम सुरू केले आणि दोन वर्षांत शेजारी सुट्या भागांचे दुकानही उघडले. ट्रक, ट्रॅक्टर, शेतातले पंप, सारा डिझेलचा कारभार. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, ते दाबानेच पेट घेते. एवढी साधी गोष्ट मला तीस वर्षे ठाऊक होती, आणि तिची गरज पडली त्या दिवशी मी ती विसरले.

यजमानांनी पहिल्या दिवशी जो माणूस कामावर घेतला, तो तानबा. तो पेचकसाचे, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचे, एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून डोळे मिटून बसे आणि कोणती बेअरिंग जाणार ते सांगे. गॅरेजच्या किल्ल्या त्याच्या करदोड्याला असत. मी गल्ल्यावर बसे. आमच्यात कामाखेरीज बोलणे नव्हते, आणि त्याची कधी उणीवही भासली नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात यजमान गेले. त्या वर्षीचा दसरा जवळ आला तेव्हा माझे थोरले दीर प्रभाकरराव यांनी परस्पर ठरवून टाकले की गॅरेजची पूजा माझ्या जाऊबाई कौशल्याबाई करतील. त्यांचे हार्डवेअरचे दुकान आमच्या भिंतीला लागूनच होते. विधवेच्या हातचे कुंकू यंत्राला कसे चालेल, असा त्यांचा विचार होता, आणि बाजारपेठेत कोणाचा त्याहून वेगळा नव्हता. मी जाऊबाईंचे ताट आदराने परत पाठवले. ज्या दुकानाची मी राख होऊ दिली नाही त्याची पूजा मीच करीन, असा निरोप धाडला आणि केली. कंप्रेसरला, लोखंड धरायच्या शिकंज्याला, ओळीने मांडलेल्या पान्यांना मी माझ्या अनामिकेने कुंकू लावले.

दुपारी मी घरात गेले असता भाऊजींच्या नोकराने ओले फडके घेतले आणि ते कुंकू पुसायला सुरुवात केली. जाऊबाईंच्या हातचे नव्याने लावायचे होते. तानबाने त्याच्या हातातले फडके काढून घेतले. मी परत आले तेव्हा चौकातली दहा-पंधरा माणसे जमली होती आणि तानबा कंप्रेसरसमोर उभा राहून शांतपणे सांगत होता, "बाईच्या हातचं कुंकू या गॅरेजात कोनी पुसनार नाई. ज्याले पुसाचं असन त्यानं पहिले मले ओलांडाचं."

कोणी ओलांडले नाही. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात नेम पडला की दसऱ्याचे कुंकू पुसायचे नाही. तेलाने, धुळीने, घामाने जाईल तेव्हा जाईल. दुसरा नेम यजमानांचा होता: दसऱ्याला एकही इंजिन सुरू करायचे नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पहिले इंजिन मालकाच्या देखत सुरू व्हावे. कपाळाचे कुंकू गेलेल्या बाईचे बोट वर्षातून एक दिवस लाल होई. तो दिवस माझ्यासाठी काय होता हे मी कोणाला सांगितले नाही, आणि तानबाला सांगावे लागले नाही.

माझा मुलगा गजेंद्र त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. तो तानबाच्या हाताखाली वाढला. मोठा झाल्यावर त्याला वेगाचे वेड लागले. नागपूरची काही तरुण मंडळी हिंगणघाटच्या बाजूच्या एका बंद कारखान्याच्या आवारात, मालकाच्या परवानगीने, मोटारींच्या शर्यती भरवू लागली होती. तेथे पाऊण किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा सरळ रस्ता होता. दोन मोटारी शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडताच सोडायच्या आणि चारशे मीटरवर जी आधी पोहोचेल ती जिंकली. वळण नाही, मुक्काम नाही. सोळा-सतरा सेकंदांच्या या खेळासाठी माणसे सहा महिने राबतात, हे मला आधी पोरकट वाटले. मग मी गजेंद्रला राबताना पाहिले आणि माझे मत बदलले.

२००३ साली त्याने अल्लीपूरच्या एका वृद्ध डॉक्टरांच्या गोठ्यातून जुनी काँटेसा उचलून आणली. आमच्या छपराखाली आलेले ते पहिले पेट्रोल इंजिन, ठिणगीने पेटणारे. त्याने आणि तानबाने मिळून ती मोटार हाडापर्यंत सोलली. मागची बाके काढली, दारे हलकी केली, इंजिन उघडून पुन्हा बांधले. तानबा तेव्हा साठीला आला होता, पण त्या पाच महिन्यांत तो जेवायचे विसरू लागला. त्याची बायको सीताबाई डबा घेऊन गॅरेजात येई आणि म्हणे, मले सवत आणली, तेही चार चाकांची. तानबा बॉनेटखालूनच हसे.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्या रस्त्यावर चाचणी झाली. तानबाच्या हातातल्या घड्याळाने सोळा सेकंद आणि काही अंश दाखवले. कोइमतूरच्या एका रेसिंग संघाने गजेंद्रला पत्र लिहिले होते: दसऱ्यानंतरच्या रविवारी आमचा माणूस शर्यत पाहायला येईल, मोटार सतराच्या आत आली तर तुम्हाला संघात घेण्याचा विचार करू. ते पत्र गजेंद्रने मला वाचून दाखवले आणि मग तानबाला. तानबा म्हणाला की सतराच्या आत तर बैलही आणतो, पत्रात सोळाचं लिव्हाले सांग.

दसऱ्याच्या दिवशी मी काँटेसाची पूजा केली. बॉनेट उघडे होते. इंजिनाच्या अंगाला डिस्ट्रिब्युटर असतो. त्यावर काळी, वाटीएवढी कॅप असते. मधोमध एक उंचवटा, त्यात कॉइलकडून वीज येते. भोवती चार उंचवटे, त्यांतून ती पाळीपाळीने चार प्लगांना जाते. मधला एक आणि भोवतीचे चार. मला वाटले, स्वस्तिकासाठी याहून चांगली जागा देवाने घडवली नसेल. कुंकू पाण्यात दाट कालवले होते. मी मधल्या उंचवट्यापासून चार भुजा काढल्या आणि प्रत्येक भुजा एकेका उंचवट्याला टेकवली. तानबाने हात जोडले. गजेंद्रने झेंडूचा हार घातला. संध्याकाळी आम्ही सोने वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दव पडले होते. मोटार माझ्या देखत सुरू झाली, नीट चालली. पण गजेंद्रने जोरात पाय दिला तशी ती अडखळली. एक ठोका गळाला, मग दोन नीट, मग पुन्हा एक गळाला.

"उचकी लागली गाडीले," तानबा म्हणाला.

"बाबा आठवन काढून राह्यले असतील," गजेंद्र म्हणाला. आम्ही तिघेही हसलो. शर्यतीला सहा दिवस होते.

तानबाने त्याच्या रीतीने दोष शोधायला घेतला. चालत्या इंजिनाच्या प्लगांच्या तारा तो एकेक करून काढे. जी तार काढल्यावर आवाज बदलत नाही, ते घर, म्हणजे तो सिलिंडर, मेलेले, हा साधा नियम. परंतु येथे दोष एका घरात राहत नव्हता. आता पहिल्यात, तर घटकेने तिसऱ्यात. त्याने चारही प्लग बदलले, तारा बदलल्या, पॉइंट घासले, टायमिंग पुन्हा बांधले. उचकी राहिलीच. मी गल्ल्यावरून उठून आले आणि सांगितले की हा पेट्रोलचा दोष आहे. डॉक्टरांच्या गोठ्यात टाकी वर्षानुवर्षे पडून होती, कार्बोरेटर उघड. तानबाने कार्बोरेटर उघडला, जेट फुंकून साफ केले आणि बंद केला. तोवर दुपारचे बारा झाले होते, ऊन तापले होते. मोटार सुरू केली तर गुळगुळीत. मी एवढेच म्हटले, "पाह्यलं?"

दुसऱ्या पहाटे उचकी परत आली.

त्या सकाळी तानबा कॅप हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभा होता. मग वळला. त्याच्या खांद्यावर स्वच्छ फडके होते. त्याने विचारले, "बाई, हे वरून जरासं पुसून घेऊ काय?"

मी कॅपकडे पाहिले. माझे स्वस्तिक होते तसे होते. मी म्हटले, "दसऱ्याचं कुंकू या गॅरेजात पुसत नाई. तूच ठरवलं ना ते?"

त्याने फडके घडी करून खिशात ठेवले. थोड्या वेळाने म्हणाला की नागपूरहून नवीन कॅप मागवावी. मी विचारले, हिला तडा गेला आहे का? नाही. आतून जळली आहे का? नाही. मग झाले काय?

"जुनी झाली बाई."

"जुना तर तूही झाला," मी म्हणाले. गॅरेजातले सगळे हसले, तानबाही हसला. ज्या वस्तूत दोष सांगता येत नाही ती बदलायची नाही, ही आमच्या दुकानाची शिस्त होती. ती यजमानांनी घालून दिली होती, आणि तानबाने स्वतः डझनभर नव्या कारागिरांना शिकवली होती. मी त्याला त्याच्याच शिस्तीने बांधले. त्यानंतर त्याने कॅपचे नाव काढले नाही. पुढचे तीन दिवस मी सांगेन ते तो उघडत राहिला आणि बंद करत राहिला. असा मुकाट तानबा मी पूर्वी पाहिला नव्हता. मला वाटले, पेट्रोलच्या इंजिनापुढे त्याची विद्या संपली.

रविवारी सकाळी कारखान्याच्या आवारात धुके होते. माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. प्रभाकरराव आले होते, जामची अर्धी बाजारपेठ आली होती. कोइमतूरचा माणूस छोटी वही घेऊन निशाणापाशी उभा होता. तानबाने कॅपवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोरीने बांधली. विचारल्यावर म्हणाला, दव लागते. पावणेआठला गजेंद्रची पाळी आली. शेजारी नागपूरच्या मुलाची मोटार होती. निशाण पडले आणि काँटेसा अशी सुटली की माझ्या छातीत यजमानांच्या वेळचा अभिमान दाटला. शंभर मीटरपर्यंत ती पुढे होती. मग उचकी लागली. एक, दोन, मग लागोपाठ. मागच्या नळीतून फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि लोक हसले. नागपूरची मोटार निघून गेली. काँटेसा लंगडत, ठसकत रेषेपार गेली. कोइमतूरच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिले, वही मिटली आणि पुढच्या मोटारींकडे वळला.

गजेंद्र खाली उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो आत बसून राहिला.

प्रभाकरराव माझ्यामागे उभे होते. सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "टरकच्या मिस्त्रीले शर्यतीची गाडी देल्ली का असंच होते."

मी उठले. माझा आवाज चढत नाही, कधीच चढला नाही. पण त्या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. मी म्हणाले, "तानबा, तुझे कान गेले आणि हातही गेले. माझ्या लेकराचं नशीब तू मातीत घातलं. किल्ल्या दे."

तानबाने करदोड्याची गाठ सोडायला घेतली. एकोणतीस वर्षांची गाठ, ती लवकर सुटेना. सुटल्यावर त्याने किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या. त्या कोमट होत्या.

"चूक माहीच हाय, बाई," तो म्हणाला, आणि धुक्यातून रस्त्याकडे चालत गेला.

महिनाभरात गजेंद्रने पुण्याला एका मोटारींच्या दुकानात नोकरी धरली. निघताना पाया पडला. काँटेसा छपराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. तानबा आणि सीताबाई वर्ध्याजवळ सिंदी मेघ्यात त्यांच्या लेकीच्या, रक्षाच्या, शेजारी राहायला गेले. तेथे त्याने पंक्चरचे दुकान टाकल्याचे कानावर आले. चौकात लोक म्हणत की म्हातारपणी तानबाची नजर गेली. मी ते ऐकून घेई. खोडून काढावे असे मला वाटत नसे.

वर्ष गेले. २००४ च्या दसऱ्याला माझा नवा मिस्त्री चिंधू याने ताडपत्री काढून काँटेसाही पूजेला उघडली आणि बॅटरी भरून ठेवली. मी गेल्या वर्षीसारखेच कॅपवर स्वस्तिक काढले. जुन्याच्या खुणा दिसत होत्या, त्यांच्यावरूनच बोट फिरवले. रात्री अवेळी सर आली आणि टिनाच्या भोकातून इंजिनावर ठिबकत राहिली.

दुसऱ्या पहाटे नेमाप्रमाणे मी छपरात गेले. अजून उजाडले नव्हते, आत अंधार होता. चिंधूने किल्ली फिरवली. काँटेसा सुरू झाली आणि लगेच ठसकू लागली. मी जवळ जाऊन वाकले. ओल्या कुंकवाच्या भुजेवरून, मधल्या उंचवट्यापासून कडेच्या उंचवट्यापर्यंत, सुईतल्या दोऱ्याएवढी निळी रेघ सरकली. विझली. दुसऱ्या भुजेवरून सरकली. प्रत्येक रेघेसरशी एक ठोका गळत होता.

मी किती वेळ वाकून होते कोण जाणे. कुंकवात हळद असते, क्षार असतात. ओल धरली की ते विजेला वाट देते. प्लगाकडे जायची वीज माझ्या स्वस्तिकावरून भलत्याच घरात पळत होती. पहाटे दव असे तेव्हा उचकी, दुपारी ऊन असे तेव्हा नाही. दोष एका घरात राहत नव्हता, कारण मी चारही घरांना वाट काढून दिली होती.

मी इंजिन बंद करवले आणि पदराने कुंकू पुसले. चिंधू बघतच राहिला. या गॅरेजात हे कोणी करत नाही असे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले होते. खाली कॅपच्या प्लास्टिकमध्ये केसाएवढ्या बारीक काळ्या रेघा जळून उमटल्या होत्या. त्या मी ब्लेडने खरवडल्या, कॅप कोरडी केली, बसवली. मोटार सुरू झाली, आणि तिच्या आवाजात एकही गाठ नव्हती. वर्षापूर्वी जो आवाज माझ्या मुलाला हवा होता तो छपराखाली भरून राहिला. ऐकायला मी आणि चिंधू.

मग मला स्वच्छ फडके आठवले. जुनी झाली बाई, हे आठवले. तानबाला दुसऱ्याच सकाळी कळले होते. बोलला असता तर भाऊजींनी चौकात उभे राहून सांगितले असते की विधवेच्या हाताने मोटार बुडाली, आणि माझा तो एक दिवस गेला असता. चोरून पुसले असते तर बारा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर दिलेला शब्द मोडला असता. म्हणून त्याने नवी कॅप मागितली. मी ती दिली नाही.

त्याच दिवशी मी सिंदी मेघ्याला जायला हवे होते. गेले नाही. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले. रोज सकाळी उठून मी ठरवत असे आणि रोज मला दुकानात काम निघत असे. ज्या गोष्टीसाठी त्याने आपले नाव घालवले ती मला गमवायची नव्हती, हे खरे कारण होते.

शेवटी गेले. तानबा खाटेवर होता, दम्याने छाती वाजत होती. सीताबाईने चहा ठेवला. मी किल्ल्या त्याच्या उशाशी ठेवल्या आणि सांगितले की मोटारीचा दोष मला सापडला. तो माझ्या कुंकवाचा होता.

"कोनं सांगतलं तुमाले?" तो म्हणाला. "कुंकवानं कधी गाडी मिसिंग मारते काय? तार ढिली होती. मीच बांधाची राह्यलो."

"म्या डोळ्यानं पाह्यलं, तानबा."

श्वास जमवायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "पाह्यलं तं जवळच ठेवा. बजारात नोका सांगू." आणि किल्ल्या माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आता माहे हात कापतेत, बाई. कुलूप सापडत नाई."

मी किल्ल्या घेऊन परत आले. त्याने बाजारात सांगू नका म्हटले होते, आणि मला ते किती सोयीचे वाटले हे मी येथे लिहून ठेवते. माघात तानबा वारला.

तेरवीला जामची बरीच माणसे सिंदी मेघ्याला आली. गजेंद्र पुण्याहून आला. पंगत उठल्यावर पुरुषमंडळी मांडवात बसली होती. कोणीतरी म्हणाले की माणूस सोन्यासारखा, पण जाता जाता त्या शर्यतीच्या गाडीनं नाव घालवलं. बाकीच्यांनी माना हलवल्या. सीताबाई आतल्या दाराशी बसली होती; तिने मान वर केली नाही.

मी मांडवात जाऊन उभी राहिले. सांगितले की मोटार तानबामुळे बिघडली नाही. माझ्या हाताने कॅपवर काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकावरून वीज पळाली. तानबाला ते ठाऊक होते आणि माझी लाज राखण्यासाठी त्याने दोष आपल्या अंगावर घेतला. मी सर्वांसमोर त्याचा अपमान केला होता, म्हणून सर्वांसमोर सांगते आहे.

मग प्रभाकरराव म्हणाले, "मी एक्क्याण्णव सालीच सांगितलं होतं, आनंदाबाई. तो हात चालत नाई."

"कुंकू ओलं असलं का वीज पळते, भाऊजी," मी म्हणाले. "ते सवाष्णीचं हाय का विधवेचं, हे ती विचारत नाई. जाऊबाईंनी लावलं असतं तरी गाडी हरलीच असती. एवढंच, का मंग तुमी तानबाले विचारलं असतं, आन त्यानं तुमाले खरं सांगितलं असतं. त्याले कोनाचं झाकाचं राह्यलं नसतं."

परतताना जीप गजेंद्र चालवत होता. सेवाग्रामचा फाटा मागे पडला. मग तो समोर पाहतच म्हणाला, "मले माहीत होतं, आई. शर्यतीच्या आदल्या रात्री तानबाकाकानं सांगतलं. शप्पथ घातली होती."

मी विचारले, "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले कोन सांगन, आई?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिले असते. तो दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला आणि तेथेच राहिला. सणावाराला फोन येतो.

२००५ च्या दसऱ्याला गॅरेजपुढे नेहमीपेक्षा कमी माणसे होती. काही ट्रकवाल्यांनी पूजेसाठी गाड्या दुसरीकडे नेल्या. मी आदल्या दिवशी सिंदी मेघ्याला जीप धाडून सीताबाईला आणवले होते. तानबाचा पेचकस मी पाटावर सगळ्यांच्या आधी मांडला आणि कुंकवाचे ताट तिच्या पुढे केले.

तिने हात मागे घेतले. तिचे कपाळ मोकळे झाल्याला आठ महिने झाले होते. हळूच म्हणाली, "मले नाई जमत, बाई. तुमी केलं तवा तुमच्यामागं हे उभे होते. माह्यामागं कोन हाय?"

चौकात माणसे पाहत होती. भिंतीपलीकडच्या दुकानात प्रभाकरराव पाहत होते. मी ताट तिच्या मांडीवर ठेवले आणि तिच्या मागे, कंप्रेसरपाशी, तानबा उभा राहिला होता त्या जागी जाऊन उभी राहिले. कोणाला ओलांडायचे असेल तर ओलांडावे, असे काही मी म्हटले नाही. मला ते म्हणण्याचा अधिकार नव्हता. नुसती उभी राहिले.

पुष्कळ वेळाने सीताबाईचे बोट कुंकवात बुडाले. पहिला टिळा पेचकसाला लागला. मग शिकंजा, मग पाने. टिळे वाकडे पडत होते. शेवटी ती काँटेसापाशी आली. उघड्या बॉनेटखाली वाकली आणि तिचे बोट त्या काळ्या, गोल कॅपकडे निघाले, जसे माझे निघाले होते.

"तिथं नाई, सीताबाई," मी म्हणाले. "बॉनेटवर लाव."